लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका
जुन्या गाडीला ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर मीटर बसवताना

जुन्या गाडीतला ऑइलचा लाल दिवा पेटतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. या दिव्याच्या स्विचमध्ये एक पडदा असतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब तो पडदा रेटून धरतो, त्यामुळे दिव्याचा संपर्क तुटलेला राहतो. दाब साधारण पाच ते सात पौंडांच्या खाली आला की संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. (पौंड म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, टायरमध्ये हवा भरताना आपण सांगतो तेच माप.) रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनाला मात्र चाळीस-पन्नास पौंड लागतात. पन्नासवरून सातवर दाब उतरत असताना दिवा गप्प असतो, आणि क्रँकच्या बेअरिंगांचं नुकसान होतं ते याच काळात. तापमानाच्या बाबतीतही अनेक जुन्या गाड्यांमध्ये नुसता थंड-गरम दाखवणारा काटा असतो, आकडा नसतोच. म्हणून गाडी खरोखर चालवायची असेल, तर आकडे दाखवणारं ऑइल प्रेशर मीटर आणि टेम्परेचर मीटर ही तिच्यावर करायची पहिली सुधारणा आहे, असं माझं ठाम मत आहे. रंगकाम, नवी सीटकव्हरं, क्रोमचे बंपर हे सगळं त्यानंतर.

वऱ्हाडात ही गरज जास्तच आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर इथल्या जुन्या घरांच्या आवारात अजूनही अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा महिंद्राची जीप उभी दिसते. अँबॅसडरचं उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबलं, पद्मिनीचं त्याच्याही बरंच आधी. म्हणजे यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे, आणि बहुतेक गाड्या तीस-चाळीस वर्षांच्या. अँबॅसडर-पद्मिनीची इंजिनं इंग्लंड-इटलीच्या थंड हवेत आखलेली. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा रेडिएटरला मिळणारी हवाच तापलेली असते. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं गेलेलं आहे. मीटरच्या कामाशी या पाण्याचा फार जवळचा संबंध आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेले नसावेत, ही त्यातली अट. मीटर बसवणं या तिन्हीत मोडत नाही. तरीही गाडीचं मूळ रूप जपायचं असेल तर एक पथ्य पाळा: डॅशबोर्डच्या पत्र्याला नवं भोक पाडू नका. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण लपवता येत नाही. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, आधीपासून असलेल्या स्क्रूंवर, पत्र्याची छोटी पट्टी लटकवून त्यात मीटर बसवा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मीटरांना ५२ मिलिमीटरचं गोल भोक लागतं. दोन भोकांची अशी पट्टी कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. उद्या गाडी प्रदर्शनात न्यायची झाली तर चार स्क्रू काढले की गाडी पूर्ववत.

आता कोणतं मीटर घ्यायचं? ऑइलसाठी दोन जाती आहेत. एक यांत्रिक, म्हणजे इंजिनापासून मीटरपर्यंत बारीक नळी येते आणि खुद्द ऑइलच काट्यापर्यंत पोचतं. दुसरी विजेवरची, म्हणजे इंजिनावर सेंडर बसतो आणि मीटरपर्यंत फक्त वायर येते.

यांत्रिक मीटरच्या पोटात वाकवलेली चपटी पितळी नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा हलवते. युजेन बोर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या इंजिनांसाठी. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आपली शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. तिच्या ड्रायव्हरसमोर वाफेचा दाब दाखवणारं जे मीटर असायचं, त्यातही हीच युक्ती. एवढी वर्षं टिकलेल्या या रचनेत बिघडण्यासारखं फार काही नाही. बॅटरी उतरो, अर्थिंग सैल होवो, काटा खरंच सांगतो. त्याची प्रतिक्रियाही तत्काळ असते. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली, तरी काटा ते दाखवतो.

धोका एकच आणि तो खरा आहे. गरम ऑइल नळीतून थेट तुमच्या पायाशी येतं. नळी फुटली तर शंभर अंशांच्या आसपास तापलेलं ऑइल दाबाने बाहेर पडतं. पायावर तर उडतंच, पण सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर पडलं तर आग लागू शकते. म्हणून स्वस्त मीटरबरोबर येणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी मी कुणालाच सुचवणार नाही. तारेची वीण असलेली लवचीक होज घ्या, किंवा निदान इंजिनापासून बॉडीच्या पत्र्यापर्यंतचा भाग तरी तसल्या होजचा ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही, आणि ताठ नळी याच दोघांमध्ये तुटते. जुनी तांब्याची नळी शाबूत असेल आणि तीच वापरायची असेल, तर तिला मध्ये दोन-तीन वेटोळी द्या. तांबं वर्षानुवर्षांच्या थरथरीने कडक आणि ठिसूळ होतं. नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की ती पुन्हा मऊ होते. जुने मिस्त्री हे न सांगता करतात. इंजिनाच्या बाजूला अगदी बारीक छिद्राचा जोड बसवून घेतला तर आणखी चांगलं. मीटरला दाब कळायला तेवढं छिद्र पुरतं, आणि नळी तुटली तरी ऑइल झपाट्याने जात नाही.

घरातली मुलं पुढच्या सीटवर बसतात, गाडी रोजच्या वापरात आहे, ऑइलची नळी आत नकोच असं वाटत असेल, तर विजेवरचं मीटर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फक्त मीटर आणि सेंडर एकाच बनावटीचे, एकाच जोडीचे हवेत. ही चूक बाजारात सर्रास होते. प्रत्येक कंपनीच्या सेंडरचा रोध वेगळा: व्हीडीओच्या पद्धतीत दाब वाढताना तो १० ओहमपासून १८० ओहमपर्यंत वाढतो, तर अमेरिकी पद्धतीत २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. एकाचं मीटर आणि दुसऱ्याचा सेंडर जोडला तर काटा हलेल, पण दाखवेल ते खोटं असेल, आणि खोटा काटा नसलेल्या काट्यापेक्षा वाईट. कोइमतूरच्या प्रिकॉलची मीटरं आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकमध्येही असल्यामुळे त्यांची माहिती असलेला माणूस शोधणं सोपं जातं. स्मिथ्सची जुनी मूळ मीटरं हवी असतील तर मुंबईचा चोर बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट हे रस्ते आहेतच, पण तिथून आणलेलं मीटर तपासल्याशिवाय बसवू नका.

स्मिथ्सचं एक जोड-मीटरही असतं: एकाच चकतीत अर्ध्या भागात ऑइलचा दाब, अर्ध्या भागात पाण्याचं तापमान. दिसायला ते फार देखणं आणि जुन्या गाडीला शोभणारं आहे. पण त्यातला तापमानाचा भाग बंद नळीचा असतो, बल्ब आणि मीटर कायमचे जोडलेले. ऑइलची बाजू गळायला लागली आणि मीटर बाहेर काढायचं झालं, तर रेडिएटरचं पाणीही काढावं लागतं. मी दोन वेगळी मीटरं सुचवेन.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी बघा. इंग्रजी वळणाच्या मीटरवर पौंड आणि फॅरनहाइट, युरोपीय मीटरवर किलो किंवा बार आणि सेल्सियस असतं. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. पुस्तकातला आकडा एका मापात आणि मीटर दुसऱ्या मापात असेल तर एका कागदावर हिशोब करून ठेवा. दुसरी गोष्ट बॅटरीची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे, आणि लष्करी विलिस जीप तर ६ व्होल्टची. आजची विजेवरची मीटरं १२ व्होल्ट आणि ऋण बाजू बॉडीला, याच हिशोबाने बनलेली आहेत. गाडीत काय आहे ते बॅटरीच्या जाड केबलवरून पाहून घ्या, मगच मीटर विकत घ्या. यांत्रिक मीटरला हा प्रश्नच नाही, फक्त त्याचा बल्ब बघावा लागतो.

मीटर घरी आलं की बसवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. टेम्परेचर मीटरसाठी स्वयंपाकघरातली एक जुनी पातेली पुरते. पाणी उकळत ठेवा, सेंडरचं किंवा बल्बचं टोक पाण्यात बुडवा, पण पातेलीच्या तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी एक काचेचा थर्मामीटर धरा. सेंडर विजेवरचा असेल तर त्याच्या अंगाला बॅटरीच्या ऋण टोकाची वायर लावावी लागेल. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे पोचला तर उत्तम. मग गॅस बंद करा आणि पाणी निवताना ९०, ८०, ७० अंशांवर काटा काय म्हणतो ते लिहून ठेवा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. दहाचा फरक असेल तर दुकानात परत. ऑइलच्या मीटरसाठी टायरवाल्याकडे जा. त्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीला जोड लावून वीस, चाळीस, साठ पौंडांवर त्याचं मीटर आणि तुमचं मीटर ताडून पाहा. जोड बसवायलाच काय तो वेळ लागेल.

आता सगळ्यांत नाजूक काम: आटे. ऑइलचं मीटर इंजिनाला जोडायची सोपी जागा म्हणजे जिथे लाल दिव्याचा स्विच आहे तीच. स्विच काढून तिथे पितळी टी बसवायची. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला मीटरची नळी किंवा सेंडर. दिवा काढून टाकू नका. मीटर तुम्ही बघाल तेव्हाच सांगतं, दिवा मात्र तुमचं लक्ष वेधून घेतो. दोघंही हवेत.

टी कुठल्या आट्यांची? सर्वाधिक गफलत होते ती पाव इंचाच्या निम्म्या, म्हणजे एक अष्टमांश मापाच्या आट्यांत. ब्रिटिश पाइपचे आटे इंचाला २८ असतात, अमेरिकी पाइपचे इंचाला २७. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीची टी हाताने दोन-तीन फेरे छान आत जाते आणि मग अडते. इथे माणूस पाना लावतो. पाना लावला की पितळी टी तुटून तिचा तुकडा ब्लॉकमध्ये अडकतो, किंवा ब्लॉकचेच आटे सोलले जातात. मग मागे राहतं ते ड्रिल करून नवे आटे पाडण्याचं महागडं काम. फियाटच्या कुळातल्या गाड्यांमध्ये मेट्रिक आटे असतात, तिथे आणखी वेगळं माप. म्हणून जुना स्विच काढून खिशात घ्या आणि लेथवाल्याकडे जा. त्याच्याकडे आटे मोजायचं पात्यांचं गेज असतं. पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरलं की फट आहे की नाही ते लगेच दिसतं. बाजारात बरोबर टी मिळाली नाही, तर तोच पितळेची करून देईल. जिनिंग-प्रेसिंग आणि शेतीपंपांच्या कामामुळे आपल्या भागात चांगल्या लेथवाल्यांची वाण नाही. नवा भाग हाताने निदान चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर थांबा.

आटे निमुळते असतील तर ते स्वतःच घट्ट बसून ऑइल रोखतात. सरळ असतील तर तांब्याचा वायसर लागतो, आणि तो दर वेळी नवा. विजेवरच्या सेंडरला पांढऱ्या टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळू नका. सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच ब्लॉकला मिळते, आणि टेपने ती अडू शकते. नळीच्या तोंडाशी टेप लावली तर तिचे धागे आत जाऊन बारीक छिद्र बंद करतात.

इंजिनाच्या बाजूचं काम झालं की नळी किंवा वायर आत आणायची. बोनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला स्पीडोमीटर केबलसाठी किंवा वायरिंगसाठी भोकं असतात, त्यांतल्याच एका रबरी बुशातून ती न्या. उघड्या पत्र्याच्या कडेवरून नेलेली नळी काही महिन्यांत कापली जाते. मॅनिफोल्डपासून वितभर लांब ठेवा. विजेवरच्या मीटरसाठी इग्निशन चालू केल्यावरच वीज येणारी वायर घ्या आणि मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज घाला. मीटरची अर्थिंग डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्यावर भागवू नका, बॉडीच्या उघड्या धातूपर्यंत स्वतंत्र वायर न्या. दिव्याचा बल्ब जुन्या मीटरच्या दिव्याच्या वायरला जोडला की झालं.

यांत्रिक मीटर असेल तर नळीतली हवा काढावी लागते. मीटरच्या मागचं नट थोडं सैल ठेवा, खाली फडकं धरा. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरला जाणारी जाड वायर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फ मारा. आधी हवेचे बुडबुडे येतील, मग स्वच्छ ऑइल. ते आलं की नट आवळा, पुन्हा सेल्फ मारा, आणि काटा उठतो का पाहा. आता वायर जोडून इंजिन चालू करा आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा. पाच मिनिटांनी पुन्हा फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, जमिनीवर आणि जोडांवर पुन्हा नजर टाका.

टेम्परेचर मीटरकडे वळू. जुन्या यांत्रिक टेम्परेचर मीटरमध्ये इथर भरलेला बल्ब आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी असते. ही नळी कापली, मुडपली की मीटर गेलं, आणि तिची दुरुस्ती घरी करण्यासारखी नाही. जुना बल्ब हेडमधून काढताना नट आणि बल्ब गंजून एकजीव झालेले असतात. नट फिरवला की बल्बही फिरतो आणि नळी पीळ खाऊन तुटते. आधी एक-दोन दिवस गंज सोडवणारं तेल टाकत राहा, आणि नट फिरवताना बल्ब दुसऱ्या हाताने स्थिर धरा. मूळ मीटर शाबूत असेल तर ते ठेवा. मेलेलं असेल तर विजेवरचं आकड्यांचं मीटर बसवायला माझी पूर्ण संमती आहे. इथे यांत्रिकचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण तापमान काही दाबासारखं क्षणात बदलत नाही.

ज्या गाडीत पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवतात, तिथे दोन्ही सेंडर बदलण्याआधी डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा. इंग्रजी वळणाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो दोन्ही मीटरांना मिळून एकच असतो, १० व्होल्टचा, आणि त्याची अर्थिंग सैल झाली की दोन्ही मीटरं मिळून चुकतात. दहा मिनिटांच्या कामासाठी नवं मीटर घेतलं जातं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

सेंडर बसतो हेडच्या पुढच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या जवळ. इथेच खारपाणपट्ट्याचा प्रश्न येतो. खारं, जड पाणी तापलं की त्यातले क्षार धातूवर बसतात. जुना सेंडर बाहेर काढाल तेव्हा त्याच्या टोकावर पांढरट-तपकिरी खडबडीत थर दिसेल, कधी नखाने निघणारा, कधी पानाच्या चुन्यासारखा घट्ट चिकटलेला. हा थर उष्णता अडवतो. आतलं पाणी शंभरच्या वर गेलेलं असतं आणि काटा नव्वदवर रेंगाळत असतो. जो थर सेंडरवर आहे तोच ब्लॉकच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांतही आहे, हे ओघानेच आलं. तेव्हा नवा सेंडर बसवण्याआधी रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, ब्लॉकच्या खालचा पाण्याचा कॉक उघडून गाळ वाहू द्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग बोअरचं पाणी पुन्हा टाकू नका, ते कितीही स्वच्छ दिसो. कूलंट आणि बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. आपल्याकडे थंडीत पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणणारे बरेच भेटतील. कूलंट इथे लागतो तो गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला.

उकळबिंदूवरून रेडिएटरच्या झाकणाचा विषय निघतो. झाकणावर ७ लिहिलेलं असेल तर ते सात पौंडांचा दाब धरून ठेवतं, आणि तेवढ्याने पाण्याचा उकळबिंदू अकरा-बारा अंशांनी वाढतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हा सगळा फायदा जातो. मीटर बसवताना झाकणही नवं घ्या, पण मूळ आकड्याचंच. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात.

मीटरं बसली. आता ती वाचायला शिकायचं. गाडी थंड असताना चालू केली की ऑइलचा काटा पन्नास-साठवर जाईल. ऑइल घट्ट असतं म्हणून. त्यावर खूश होऊ नका. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं, म्हणून खरा आकडा तासभर गाडी चालल्यावरचा. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात गरम झाल्यावर वेगात सुमारे पन्नास पौंड आणि आयडलवर पंधरा-वीस पौंड मिळत असतील, तर इंजिनाची प्रकृती उत्तम आहे. इतर गाड्यांसाठी कंपनीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण. पुस्तक हाताशी नसेल तर मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा मिस्त्रींचा जुना हिशोब कामचलाऊ आहे. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर पाण्याचा काटा ८० ते ९० मध्ये राहायला हवा.

पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या इंजिनाचा स्वतःचा आकडा मोलाचा. त्यासाठी वऱ्हाडात दोन उत्तम रस्ते आहेत. एक अमरावती-अकोला महामार्ग. लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकून गिनेस विक्रम झाला, तोच हा रस्ता. इथे ताशी साठचा एकच वेग बराच वेळ धरता येतो. बडनेऱ्याहून निघा, मूर्तिजापूरला आयडलवर दोन मिनिटं थांबा, बोरगाव मंजूला पुन्हा थांबा, आणि दोन्ही काटे प्रत्येक ठिकाणी लिहून घ्या. हीच फेरी एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी करा. दुसरा रस्ता परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. सातशे मीटरहून अधिक चढ आहे, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वाराही कमी. वर चिखलदऱ्याला उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, हेही ध्यानात ठेवा. घाटात काटा ९५ पर्यंत चढून वर पोचल्यावर खाली येत असेल तर ठीक. उतरतच नसेल तर रेडिएटर किंवा पाण्याचा पंप बघा.

काट्यांच्या काही चाली ओळखून ठेवाव्यात अशा आहेत. ऑइलचा दाब महिन्यामहिन्याने थोडा थोडा उतरतोय: बेअरिंगं झिजत आहेत, घाई नाही पण कामाची तयारी ठेवा. काही दिवसांतच उतरला: आधी डिपस्टिक ओढा आणि वास घ्या. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनावर असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसते आणि ऑइल पातळ होतं. अशी गाडी चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला. फक्त वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा पडतो: ऑइल कमी आहे. दाब कमी आला म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर चढवणारे मिस्त्री भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. काटा वर जातो, बेअरिंगं तशीच झिजलेली राहतात. ऑइल मात्र या इंजिनांना २०-डब्ल्यू-५० च टाका; नव्या गाड्यांसाठीचं पातळ ऑइल आपल्या उन्हात गरम आयडलला दाब धरत नाही. इसुझू इंजिनाच्या अँबॅसडरला तिच्या पुस्तकात सांगितलेलं.

टेम्परेचरची एक चाल फसवी आहे. काटा शंभरच्या पुढे जाऊन अचानक खाली कोसळला तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपलेलं असू शकतं. सेंडर पाण्यात बुडालेला नसला की तो कोरड्या वाफेचं तापमान नीट दाखवत नाही. ताबडतोब गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, झाकणाला हात लावू नका. निदान अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतलं की हेडला तडा जातो.

ऑइलचा काटा चालत्या गाडीत शून्यावर आला तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत नेऊ, असा विचारही करू नका. क्लच दाबा, चावी बंद करा, गाडी कडेला लावा, मग कारण शोधा. मीटर खोटं निघालं तर दहा मिनिटं गेली. खरं निघालं तर इंजिन वाचलं. तुमच्या गाडीचे गरम आयडलचे, साठच्या वेगाचे आणि घाटाचे आकडे एका जाड कागदावर लिहून सन-व्हायझरच्या मागे लावून ठेवा, आणि घरातल्या ज्या कुणाच्या हाती चावी देता त्याला ते आधी समजावून सांगा.